डोळे उघडून मिळतील

पैठणगेटाच्या ज्या गाळ्यात अप्पांचा फोटो स्टुडिओ होता, तिथं आता माझा धाकटा भाऊ बंडू मोबाइलची कव्हरं विकतो. काच फुटली तर काच बदलून देतो, बॅटरी फुगली तर बॅटरी बदलून देतो, आणि यंदाच्या उन्हाळ्यापासून मेलेली माणसं बोलती करून देतो. तसा बोर्डच लावलाय बाहेर. 'जुन्या फोटोतील आई-वडील हसते-बोलते करून मिळतील. डोळे मिटलेले असल्यास उघडून मिळतील.' बोर्डाखाली भला मोठा टीव्ही. त्या टीव्हीत दिवसभर माझी आई डोळे उघडते, हसते, मान जराशी तिरकी करते आणि म्हणते, "लेकरांनो, सुखी राहा." मग डोळे मिटते. मग परत उघडते. समोरच्या रसवंतीवाल्याला तिचा आता वीट आलाय, तो पाठ करून बसतो.

आई गेली तेव्हा आमच्या घरात बटणाचा फोनसुद्धा नवलाचा होता. तिला असं भर बाजारात उभं करायला तुला सांगितलं कुणी, असं मी बंडूला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, सँपल नको का दाखवायला? बघून लोक रडतात अन् आत येतात." खरंच येतात. माझ्यासमोर एक बाई डोळे पुसत आली आणि जाताना सासू बोलती करून, वर फोनला कव्हरही घालून गेली.

मी पायरीवर उभी राहिले. पायरी तेवढी जुनीच आहे, कडेला झिजलेली. तिथं पाय ठेवला की अजून माझं नाक आपलं आपण तयार होतं. हायपोचा वास यायचा इथं, फोटो धुवायच्या औषधाचा. चिंचेच्या कोळात जळती काडी विझवावी तसा आंबट, घशात बसणारा. अप्पांच्या शर्टाला तो असायचा, आमच्या दप्तरांना असायचा, चतुर्थीच्या मोदकांनासुद्धा असायचा. आता दुकानात प्लास्टिकचा वास येतो आणि वर एसीची थंडी. तेवढ्यात आईनं डोळे उघडले आणि मला सुखी राहायला सांगितलं.

लग्नाचे फोटो शहरात सगळेच काढायचे. अप्पांचं नाव होतं ते मयताच्या फोटोत. तेव्हा गावागावांतून माणसं जन्मायची, नांगरायची, लेकरं वाढवायची आणि एकही फोटो न काढता मरून जायची. मेल्यावर मुलांना आठवण यायची की अरे, भिंतीला लावायला तर काहीच नाही! मग कुणीतरी पहिल्या एसटीनं नाहीतर सायकल हाणत यायचं आणि दारातूनच ओरडायचं, "मास्टर, चला, माय गेली. फोटू नाय एक बी." अप्पा तोंडातला घास तसाच घेऊन उठायचे. तिकडं म्हातारीला भिंतीला टेकून बसवलेलं असायचं, मागं धुतलेलं धोतर धरलेलं, आणि धोतराआडून कुणीतरी मान सावरायचं. अप्पा फोटो काढून यायचे. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोण लावणार? म्हणून ते बारीक ब्रशनं डोळे काढायचे, उघडे. म्हातारी मेल्यानंतर पहिल्यांदा घरच्यांकडं नीट बघायची.

थंडीत आमच्या धंद्याला बरकत असायची. "यंदा गारठा चांगला पडला," असं अप्पा ताटावर बसून समाधानानं म्हणायचे आणि आई हातातला डाव खाली ठेवायची. मला स्वेटर मिळायचा तो थंडी वाजते म्हणून नाही, थंडीनं म्हातारी माणसं पटापट जातात म्हणून. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही, खरं सांगायचं तर. स्वेटर ऊबदार होता.

मयताहून आले की आई अप्पांना घरात घ्यायची नाही. मागच्या मोरीत कडुलिंबाचा पाला टाकून उकळलेलं पाणी तयार असायचं. कॅमेऱ्याची पेटी ओट्यावरच राहायची, आणि तिच्यावर आई तुळशीच्या पानानं पाणी शिंपडायची. "अगं ए, भिंग भिजंल!" अप्पा मोरीतून बोंबलायचे. "तुझ्या बापानं दिलंय का ते?" आई अजून दोन थेंब टाकायची. "भिजू द्या. मेलेलं माणूस बघून आलंय ते." कडुलिंबाची कडवट वाफ, ओल्या फरशीचा वास, अप्पांची पेटलेली विडी, ओट्यावर विटाळशी बाईसारखी एकटी बसलेली ती काळी पेटी. कुणाकडंही मयत झालं की आमच्या घरी असा सण असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन आत आलं की डोळ्यांचं काम. नुसते मनानं कुणी डोळे काढू शकत नाही, समोर काहीतरी लागतं. अप्पांच्या समोर आई असायची. तिला स्टुलावर बसवायचे. "हं, वर बघ. हलू नको." ओला पदर, कानाच्या पाळीला लागलेली हळद, एक पाय स्टुलाच्या दांडीवर सारखा हलणारा. चुलीकडं तिचं अर्धं लक्ष. "भात लागतोय हो." "लागू दे. वर बघ म्हटलं ना!" अप्पा ब्रशाचं टोक ओठात धरून ओलं करायचे, आईकडं बघायचे, त्या मेलेल्या बाईकडं बघायचे, परत आईकडं बघायचे. मी दारात बसून बघत असायचे. एरवी अप्पा आईकडं कधी बघायचेच नाहीत, आणि तेव्हा इतकं बघायचे की मला लाज वाटायची. आतून भात करपल्याचा वास यायचा. अजूनही कुठं भात करपला की मला वाटतं, कुणीतरी गेलं.

बाप्या माणसाचा फोटो असला की अप्पा आरसा घ्यायचे आणि स्वतःचे डोळे काढायचे. त्यामुळं आमच्या भागातले त्या काळात मेलेले सगळे पुरुष तापट दिसतात.

शेजारी रशीदभाईंचं फ्रेमचं दुकान होतं. फोटो तिकडं काचेत बसायला जायचे. भुसा, सरस आणि उकळत्या चहाचा वास असलेलं ते एवढंसं दुकान, आणि त्याच्या भिंतीला ओळीनं टेकून ठेवलेल्या गंगापूर, खुलताबाद, वैजापूरकडच्या गेलेल्या बाया. सगळ्या आईच्या डोळ्यांनी बघणाऱ्या. आई तिथून जाताना पदर ओढून घ्यायची. रशीदभाई हसायचे. "क्या भाभी, तुम्हारे कू तुम्हारीच शरम?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा मला लग्नांना घेऊन जायचे, बॅग धरायला. वेरूळला एका घरी आम्ही जेवायला बसलो होतो. आमरस होता, कुरडया होत्या, शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा मांडीला लागत होता. मी सहज वर बघितलं. भिंतीवर झेंडूचा वाळलेला हार घातलेली एक बाई, आणि ती आईच्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती, जेव नीट, सांडू नको, अशी. माझा घास तोंडातच राहिला. रात्री घरी आल्यावर मी आईला इतकी चिकटले की तिला कळेना झालं काय. सांगितलं तशी खो खो हसली. "अगं, साऱ्या तालुक्यात माझी पूजा होते. तुझ्या बापाला आहे का त्याचं काही?"

तुमच्या आईचे फोटो मग ढीगभर असतील, असं लोकांना वाटतं. फोटोग्राफरची बायको ना ती! एक आहे. फक्त एक. एका दिवाळीला अप्पांचा मूड चांगला होता, नवी साडी होती, अंगणात चिवड्याचा वास सुटला होता. अप्पा म्हणाले, उभी राहा. दिवा लखकन पेटला आणि आईनं गच्च डोळे मिटले. धुतल्यावर बघतो तर भिंतीला उभं केलेलं मयतच. "फिल्लम फुकट घालवली," अप्पा म्हणाले. आई म्हणाली, "काढा की मग माझे पण. गावभरच्या बायांना देता, मला नाही होय?" अप्पा चिवडा खात होते. खाता खाताच म्हणाले, "तू मर तर आधी. मग बघू." सगळे हसले. रशीदभाई चहा सांडेपर्यंत हसले, आई तोंडाला पदर लावून हसली.

आणि तिच्याआधी अप्पाच गेले.

मग आई गेली. तिचा तो दिवाळीचा फोटो आम्ही तसाच लावला, डोळे मिटलेला. तिच्या मतदान कार्डावर एक राखाडी डाग आहे, त्याला नाक आहे एवढंच कळतं. पाहुणे यायचे, भिंतीकडं बघून म्हणायचे, "झोपेतच गेल्या का?" मी म्हणायचे, "नाही, दिवाळीत."

मधल्या काळात रंगीत आलं. मग कॉम्प्युटर आला. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि फोटोशिवाय मरणं ही गोष्टच बंद पडली. आता मेल्यावर फोटो शोधावा लागत नाही, ढिगातला कुठला लावायचा यावर भावंडांत जुंपते. लोक पोह्यांचे फोटो काढतात. हॉटेलात नान-खलिया समोर गार होतो आणि हे उठून उभे राहून त्याला वरून टिपतात. आणि एवढं सगळं टिपून कुणी कुणाकडं बघत म्हणून नाही. बघायचं नंतर, असं ठरवून ठेवायचं आणि नंतर दुसरं काहीतरी टिपायचं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर बंडूनं आईचा व्हिडिओ टाकला तेव्हा हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. ज्या मावशीनं आईला आयुष्यभर धड बोलू दिलं नाही, तिनं लिहिलं, 'अगदी अशीच बोलायची.'

अशी बोलायची? आई 'लेकरांनो' म्हणालीच नाही कधी. 'मेल्यांनो' म्हणायची. तिचा एक पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता, या बाईचे दात पेरल्यासारखे. आणि ते डोळे! मोठाले, पाणीदार, मालिकेतल्या सोशिक सुनेचे असतात तसले. मी बंडूला म्हटलं, "बंद कर ते. ही आपली आई नाही."

बंडू कुणाच्या तरी फोनची काच उलथ्यासारख्या पात्यानं उचकटत होता. मान वर न करता म्हणाला, "अप्पा काय करायचे मग? त्यांनी ब्रशनं केलं तर कला, अन् मी मशीननं केलं की पाप व्हय?"

"अप्पा आईला समोर बसवून काढायचे. तुझं मशीन कुणाला बघून काढतं?"

"सगळ्यांना बघून, ताई. जगातल्या सगळ्या बायांना बघून."

मला जास्तच राग आला. म्हटलं, "पण आईला नाही ना बघितलं त्यानं."

"बरं. तू बघितलंस ना?" आता त्यानं मान वर केली. चेष्टेत नव्हता तो, खरंच विचारत होता, आणि तेच लागलं. "मग सांग. कसे होते आईचे डोळे? मोठे का बारीक? पापण्या कशा होत्या? तू बोल, मी करतो तसे. आत्ता करतो."

मी तोंड उघडलं. ओला पदर होता माझ्याकडं, हळद होती, हलणारा पाय होता, करपलेला भात होता. डोळ्यांच्या जागी काही येईना. माझ्या पाठीमागं टीव्हीतल्या बाईनं डोळे उघडले आणि मान तिरकी केली. बंडू म्हणाला, "अप्पांनी केलेला एखादा फोटो आण कुठून तरी. त्यात आईचेच डोळे असतात ना? त्याच्यावरून बरोब्बर करून देतो, हे बदलतो. नाय मिळाला, तर हेच राहील. मला धंदा आहे, ताई."

म्हणून मी लासूरला गेले. तिथल्या गयाबाईचा फोटो अप्पांनी केला त्या सकाळी मी दारातच बसलेली होते, आणि आई स्टुलावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली होती. शेतीवाडीचं मोठं घर होतं ते. गयाबाईचा मुलगा कडुबा आमच्या स्टुडिओत फोटो न्यायला आला होता तेव्हा तो डोक्याचे केस काढलेला, दांडगा, मान खाली घातलेला माणूस होता. लासूरला जाताना पॅसेंजरच्या खिडकीतून बाभळी पळत होत्या आणि मी एकाच गोष्टीचा जप करत होते. ते डोळे मिळू देत. एकदाच मिळू देत. मग आईला म्हणेन, बाई गं, बघ, आणले तुझे तुला.

लासूर स्टेशनला उतरलं की कांद्याचा वास अंगावर येतो. तो अजून आहे तसाच आहे. कडुबाचं घर आता सिमेंटचं झालंय, मुलगा वाळूजला कंपनीत, दारात गाडी. कडुबा खाटेवर बसला होता, पार वाळून गेलेला. मी कुणाची कोण ते सांगितलं तसा उठायला लागला. "मास्टरची लेक व्हय! नाकावरून वळखायलाच पाहिजे होतं. बसा ताई, बसा. चहा ठेवा रं."

मी बसलेच नाही. मी भिंतीकडं बघत होते. जुन्या लाकडी फ्रेममध्ये एक चकचकीत रंगीत बाई होती, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, आणि डोळे घारे, लख्ख घारे.

"कसा झालाय?" कडुबा कौतुकानं म्हणाला. "तुमच्याच भावानं केला की! पोरगं गेलं होतं पैठणगेटाला. फोनात तर बोलती बी माय."

मी विचारलं, अप्पांनी केलेला होता, त्याचं काय झालं.

कडुबा म्हणाला, "राग येऊ देऊ नका ताई. पण तुमच्या बापानं आमच्या मायचं लई वाटोळं केलं होतं."

"काय केलं?"

"माय घारी होती आमची. मांजरीवानी. साऱ्या लासूरला ठावं होतं. अन् मास्टरनं काढले काळेभोर. फोटू भिंतीला लागला तसा आमचा बाप म्हणला, ही कुणाची बाई आणली रं घरात?"

"मग अप्पांना सांगायचं ना तुम्ही."

"कोण सांगणार? तुमचा बाप तोंडाचा फटकळ. अन् मायला काय परत बसवता येतं व्हय भिंतीला? घातले हार. जलमभर दुसऱ्याच बाईला हार घातले बघा. बाप तर मरेस्तोवर तिकडं पाठ करून जेवला." त्यानं उशीखालून फोन काढला. "आता बघा. पोरानं नुसतं सांगितलं, घारे करा. झाले की लगेच!" फोनमधली घारी बाई हसली आणि म्हणाली, "कडू, जेवलास का रं?" त्या म्हाताऱ्याचा चेहरा लेकरासारखा झाला. "ही आमची माय," तो म्हणाला, आणि तिच्या गालावरून बोट फिरवायला गेला. बोट जरा जोरात लागलं आणि माय जाऊन ट्रॅक्टरची जाहिरात आली.

मी त्याला सांगितलं, ते काळे डोळे माझ्या आईचे होते. तेवढ्यासाठी आलेय.

कडुबानं फोन परत उशीखाली ठेवला. मग म्हणाला, "म्हंजी एवढे दिस आमच्या घरात तुमची माय होती? आरं देवा!" आणि थोड्या वेळानं, समजूत घातल्यासारखं, "तशी बाई वाईट नव्हती. तिनं काय आमचं खाल्लं नाय." मग स्वतःच उठून त्यानं फ्रेम खाली घेतली. "हायेच की तो. नव्याच्या मागं पुठ्ठा म्हणून घातलाय, टाकायचं जिवावर आलं." पकडीनं खिळे उपसले, लाकडाचा भुगा मांडीवर पडला, आणि रंगीत बाईच्या पाठीमागून त्यानं ती काढून माझ्या हातात दिली.

मी दाराशी उजेडात गेले. कडा तपकिरी झालेल्या, कोपऱ्यात अप्पांची सही. आणि डोळे. काळे, नीट, बुबुळात उजेडाचा बारीक ठिपका सोडलेला. छान काढले होते. अप्पांचा हात चांगलाच होता. मी वाट बघितली. आता आतून काहीतरी उचंबळेल, गळा भरेल, मी आई म्हणेन. मागं चहाला उकळी आली, तरी मी बघतच होते. ती बाई माझ्याकडं बघत होती आणि तिची माझी ओळख नव्हती. ही आई असेल. नसेलही. कुणाशी ताडून बघू? मी आईला आठवायला गेले की ती टीव्हीतली उठून यायची, पाणीदार डोळ्यांची, पेरल्या दातांची, आणि तिच्यामागं दुसरी कुणी उभी नव्हती. रोज बघून बघून मी तिलाच आत घेतलं होतं. आईला बसायला जागाच उरली नव्हती.

"पटली का?" कडुबानं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते त्याला?

फोटो त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. फलाटावर मी तो मांडीवर घेऊन बसले, बांगड्यांचं सामान घेतल्यासारखा, तेवढ्यात बंडूचा फोन आला. दुकानात गर्दी असावी, तो ओरडून बोलत होता.

"काय गं, मिळाले का आईचे डोळे?"

"नाही."

"वाटलंच होतं मला. मग ही टीव्हीवरची राहू देऊ ना? नाहीतर नंतर परत भांडशील."

"राहू दे," मी म्हटलं.